तेहतीस ते अठ्ठेचाळीस

"एकपासून नको, तेहतीसपासून म्हणते," भिंगरी म्हणाली.

तपासनीस बाईंचं पेन कागदावर टेकता टेकता थांबलं. त्यांना जबर सर्दी झाली होती आणि त्या दिवसातलं हे चौथं घर होतं.

"तेहतीसपासून का गं बाळ?"

"एकपासूनचं पहिल्या टेबलाचं काम. आमचं तिसरं टेबल."

दारात उभ्या असलेल्या भिंगरीच्या आईने डोळे मिटून घेतले. तिच्या शेजारी भिंगरीची मावशी उभी होती, तोंडाला कुलूप लावून. हे कुलूप तिच्या या धाकट्या बहिणीनेच सकाळी लावलं होतं. "ताई, तुझ्या पाया पडते, आज एक अक्षर बोलू नकोस. विचारलं तर मान हलव. तीही फार हलवू नकोस."

मावशी अंगाने अशी की उन्हात आडवी उभी राहिली तर सावली पडायची नाही. एकतीस वर्षं ती एका छापखान्यात घडीकामाला होती. मोठ्या कागदाच्या एका तावावर सोळा पानं छापून यायची, त्याला म्हणायचं फर्मा. तो तीन घड्यांत असा दुमडायचा की सोळाच्या सोळा पानं ओळीत उभी राहिली पाहिजेत. तिच्या घड्या एकीला एक लावल्या तर चंद्रापर्यंत जाऊन परत आल्या असत्या, असं छापखान्यातले लोक म्हणत. परतीचं सोडा, पण जाण्याइतक्या नक्की होत्या. त्यामुळे सगळ्या गावाने तिचं नावच घडीमावशी पाडलं, आणि खरं नाव तिला स्वतःलाही आठवावं लागे.

तिथला फोरमन मोठा शिस्तीचा. फर्मे एकमेकांत मिसळू नयेत म्हणून त्याने प्रत्येक फर्म्याला एक टेबल आणि प्रत्येक टेबलाला एक बाई नेमून दिली होती. मावशीचं टेबल तिसरं. म्हणजे कुठलंही पुस्तक छापायला येवो, तिच्या हाताखालून जायची ती तेहतीस ते अठ्ठेचाळीस एवढीच पानं. पहिल्या टेबलावरच्या गठ्ठ्याला हात लावायचा नाही, पाचव्याकडे डोकवायचं नाही, आणि शिवून झालेली पुस्तकं परस्पर गोदामात. मावशी नाकासमोर चालणारी बाई. तिने एकतीस वर्षांत दुसऱ्या टेबलाकडे वाकडी मान करून पाहिलं नाही. पण आपल्या टेबलावरचं मात्र ती जेवणाच्या सुट्टीत अक्षर न् अक्षर वाचून काढी.

परिणाम असा झाला की तिला आठनऊशे गोष्टी तोंडपाठ होत्या आणि त्यातल्या एकीलाही शेंडा ना बुडखा. राजा विहिरीत पडलेला असायचा. का पडला आणि निघाला की नाही, देव जाणे. सुरुवातीला तिची झोप उडाली. मग ती स्वतःच घडी घालता घालता मागचं-पुढचं रचू लागली. एकदा कुणीतरी तिला शिवलेलं अख्खं पुस्तक आणून दिलं. तिने शेवट वाचला, तर तो तिने रचलेल्यापेक्षा पातळ निघाला. त्या दिवसापासून तिने कानाला खडा लावला, पुरं पुस्तक म्हणून वाचायचं नाही.

पुढे छापखान्यात घड्या घालणारं यंत्र आलं. मावशी घरी आली ती एक ट्रंक घेऊन. ट्रंकेत वाया गेलेले ताव होते, शाई पसरलेले, तिरके छापलेले, सगळे तिसऱ्या फर्म्याचे.

भिंगरी शाळेतून परत आली तीही त्याच सुमारास. नाव भिंगरी, कारण घरात ती एका जागी टिकत नसे, आणि बोलायला लागली की भिंतींनाही कान झाकून घ्यावेसे वाटत. पण शाळेत गेली आणि मुकी झाली. तीन महिने ती बाकावर न बसता बाकाखाली बसली. वर्गातल्या बाईंनी समजावलं, खाऊ दिला, शेवटी स्वतः बाकाखाली शिरून पाहिलं. त्यांचीच कंबर धरली. "मुलीला बोलता येतं का?" अशी चिठ्ठी घरी आली तेव्हा आई रडली आणि बाबांना फोन केला. बाबा बोटीवर असत, वर्षातले नऊ महिने पाण्यात आणि तीन महिने झोपेत. ते म्हणाले, "घरीच शिकव." आणि फोनची रेंज गेली.

घरी शिकवायची परवानगी होती, पण अट होती. वर्ष संपताना घरी तपासणी व्हायची. मूल पास झालं तर आणखी एक वर्ष घरी, नाहीतर पुढच्या सोमवारपासून शाळा. आणि शाळा म्हणजे पुन्हा तो बाकाखालचा अंधार, हे घरातल्या तिघींना माहीत होतं.

आई एका दवाखान्यात लोकांचं रक्त काढायच्या कामावर, सकाळी सातला जायची ती संध्याकाळी सातला यायची. तिने मोठ्या हौसेने एक वेळापत्रक करून भिंतीला चिकटवलं. दहा ते साडेदहा चिकटकाम, साडेदहा ते अकरा गोष्ट, अकरा ते साडेअकरा गोष्टीवर हस्तकला. रंगीत कागद आणले, लहान मुलांची बोथट कात्री आणली. मावशीने ती कात्री उजेडात धरून पाहिली.

"ही कात्री आहे की कात्रीचा फोटो?"

"लागू नये म्हणून तशी असते, ताई."

"लागल्याशिवाय हात शिकतो होय?" मावशी म्हणाली आणि तिने आपली कात्री काढली. "गोष्टीची पुस्तकं आणू नकोस. ट्रंकभर आहेत."

आईला बरं वाटलं. तिने ट्रंक उघडून पाहिली नाही. पाहिली तेव्हा भिंगरीचं सातवं पुस्तक शिवून झालेलं होतं आणि आता मागे वळायला उशीर झाला होता.

कारण मावशीची पद्धत साधी होती. ट्रंकेतून एक ताव काढायचा. हाडाच्या पट्टीने दाबत तीन घड्या घालायच्या, कडा कापायच्या, वाचायचं. मग पुढे कोरे कागद, मागे कोरे कागद. राजा विहिरीत का पडला हे भिंगरीने पुढच्या कागदांवर लिहायचं, चित्रं काढायची. निघाला की नाही ते मागच्या. मग दाभणाने भोकं पाडून दोऱ्याने शिवायचं, खळ लावून पुठ्ठा चढवायचा. लिहिता येत नव्हतं तोवर भिंगरी सांगे आणि मावशी लिही. सहा महिन्यांनी भिंगरी मावशीच्या हातातून पेन्सिल ओढून घेऊ लागली. "तू हळू लिहितेस. तोवर राजा बुडेल."

एवढं सगळं तपासनीस बाईंना कुठून माहीत असणार? त्यांच्या हातात चार पानी छापील नमुना होता आणि त्यात 'मूल तेहतीसपासून मोजते' असा रकाना नव्हता.

"बरं. म्हण तेहतीसपासून," त्या म्हणाल्या.

भिंगरी धडाधड अठ्ठेचाळीसपर्यंत गेली आणि थांबली. "पुढचं चौथ्या टेबलाचं. म्हणू? त्यांना चालेल?"

बाईंनी नाक पुसलं. "चालेल. मी कळवते त्यांना."

मग भिंगरी शंभरापर्यंत गेली आणि उरलेले एक ते बत्तीस, उपकार केल्यासारखे, शेवटी म्हणून टाकले. बाईंनी काहीतरी लिहिलं. आईने मान लांब केली, पण अक्षर डॉक्टरी होतं.

"आता बेरीज. पस्तीसमध्ये बारा मिळव."

"पस्तीसला बारा मिळत नाही," भिंगरी म्हणाली. "पस्तीसला सेहेचाळीस मिळतं. एक्याऐंशी होतात."

"आणि मी म्हटलं चाळीसला पाच?"

"चाळीसला एकेचाळीस. एक्याऐंशीच. काहीही घ्या, एक्याऐंशीच येतात."

आईच्या तोंडून "अगं बाई" एवढंच निघालं. मावशीने ओठ आत ओढून घेतले. बाईंनी पेन खाली ठेवलं, आणि ते काही चांगलं लक्षण नव्हतं.

"बाळ, सगळ्या बेरजा एक्याऐंशी कशा येतील?"

भिंगरीला या प्रश्नाची कीव आली. ती उठली, ट्रंकेतून एक ताव आणला आणि बाईंच्या मांडीवर पसरला. अर्धी पानं सरळ, अर्धी डोक्यावर उभी. तेहतीसच्या शेजारी अठ्ठेचाळीस, छत्तीसच्या शेजारी पंचेचाळीस, सदतीसच्या शेजारी चव्वेचाळीस. बाईंनी एकेक जोडी मनात मिळवली. त्यांचे ओठ हलताना दिसत होते. चौथ्या जोडीला त्यांनी चष्मा काढून पुसला.

"घडी घाला म्हणजे कळेल," भिंगरी म्हणाली.

बाईंनी घडी घातली. चुकली. पुन्हा घातली, तर चाळीसावं पान पाठमोरं बाहेर आलं.

"घाई नाही करायची. कोपरा कोपऱ्याला भेटला की मगच दाबायचं. आणि दाबायचं मधून बाहेर. बाहेरून मध्ये दाबलं की कागद रुसतो."

दारात मावशीचा उजवा हात हवेतच एकदा मधून बाहेर सरकला. आईने तो धरून खाली केला.

तिसऱ्या खेपेला जमली. बाईंनी पानं उलटून पाहिली, तेहतीस, चौतीस, पस्तीस, सगळी आपापल्या जागी उभी. त्या स्वतःशीच "अरेच्चा" म्हणाल्या आणि मग त्यांना आपण कोण आहोत ते आठवलं.

"पण पस्तीस आणि बारा किती?"

भिंगरीने बोटं मोजली. "सत्तेचाळीस. पण ते शेजारी नसतात."

बाईंनी बेरजेच्या रकान्यात खूण केली. मग पिशवीतून एक पुस्तक काढलं. "आता वाचन. हे वाच."

भिंगरीने पुस्तक हातात घेतलं ते कसायाने बकरी घ्यावी तसं. पाठ पाहिली, कणा दाबला. "शिवलेलं नाही, दोन पिना मारल्यात." शेवटचं पान पाहिलं. "चोवीस. दीडच फर्मा." मग तिच्या चेहऱ्यावर खरी काळजी आली. "यात तिसरा फर्माच नाहीये. मग मी वाचू काय?"

"पहिल्या पानापासून वाच."

"पहिल्या?"

"हो. एक आकडा आहे बघ, तिथून."

भिंगरीने मावशीकडे पाहिलं. मावशीने मान हलवली, फार नाही.

"एका गावात," भिंगरीने वाचलं, "छत्र्या दुरुस्त करणारा एक म्हातारा राहत होता. त्याला तीन मुली होत्या." ती थांबली. "हे सांगूनच टाकलं?"

"काय सांगून टाकलं?"

"कोण आहे ते. मुली किती ते. आम्हाला शोधून काढावं लागतं." तिने पुन्हा ते वाक्य वाचलं, आता मनात. मग पुढचं मोठ्याने. पहिलं पान संपलं. बाई म्हणाल्या, "पुरे, छान." पण ती दुसऱ्या पानावर गेलेली होती. बाई म्हणाल्या, "बाळ, पुरे." ती चौथ्यावर होती. आता ती मोठ्याने वाचत नव्हती. ओठ हलत होते, पाय खुर्चीवर आले होते. जी पोर मिनिटभर एका जागी टिकत नसे, ती चोवीस पानं हलली नाही. बाईंनीही घाई केली नाही. सर्दीने त्यांना कुठेतरी शांत बसायचंच होतं.

मावशी मात्र बघत होती. तिला कामावरचे दिवस आठवले असं काही नाही. तिला फक्त एवढंच दिसलं की पोरीने पानं उलटताना एकदाही वर पाहिलं नाही.

"संपली," भिंगरी म्हणाली. "शेवट बरा आहे. आमचे जास्त लांब असतात." मग पुस्तक न सोडताच तिने विचारलं, "अशी अजून असतात? पहिल्यापासूनची?"

"शाळेत एक अख्खं कपाट आहे."

"भरलेलं?"

"दार लागत नाही इतकं."

यानंतर बाईंना भिंगरीची बावीस पुस्तकं दाखवण्यात आली. त्यांनी वरचं एक उचललं. मधली सोळा पानं तिरकी छापलेली होती. त्यांत एक राजा एकाच पायात जोडा घालून दरबारात येत होता आणि कुणी का ते विचारत नव्हतं. भिंगरीच्या पुढच्या पानांवर लिहिलं होतं, 'राजाचा दूसरा जोडा शेजारच्या राजाला उसना दिला होता कारण त्याला एकच पाय होता.' बाई हसल्या, हसताना शिंकल्या आणि शिंकताना पुन्हा हसल्या.

"हे तुला कोणी शिकवलं?"

"मावशीने. पण ती आज बोलणार नाही. आईने सांगितलंय."

आईला जमिनीने पोटात घेतलं असतं तर बरं झालं असतं. बाईंनी दाराकडे पाहिलं.

"बोला हो. मी चावत नाही."

मावशीने धाकटीकडे पाहिलं, परवानगी घेतली आणि वर्षाचं बोलणं एका वाक्यात उरकलं. "खळ घरची असते, तोंडात गेली तरी चालते."

बाईंनी तेही लिहून घेतलं. मग चौथ्या पानावर सही केली, शिक्का मारला आणि कागद आईच्या हातात दिला. 'घरी शिकण्यास हरकत नाही. मुदत एक वर्ष.' आईने ते तीनदा वाचलं. तपासनीस बाई जिन्याच्या पहिल्या वळणावर असतानाच तिने मावशीला मिठी मारली. मावशीची हाडं वाजली.

"सोड. मोडेन. मग पोरीला कोण शिकवेल?"

संध्याकाळी जेवताना भिंगरी दोन घासांच्या मध्ये म्हणाली, "मी शाळेत जाऊ?"

आईचा हात ताटातच राहिला. "अगं, आपण पास झालो. आता जायची गरज नाही."

"गरज नाही. पण जाऊ?"

"तिथे तू बाकाखाली बसायचीस."

"आता वर बसेन. खालून कपाट दिसत नाही."

"आणि कुणी काही विचारलं तर? तोंडातून शब्द निघाला नव्हता तुझ्या."

"आज त्या बाईंशी बोलले की. त्या पण अनोळखीच होत्या. घडीसुद्धा येत नव्हती त्यांना."

आईने मावशीकडे पाहिलं. सबंध वर्ष डोळ्यांत तेल घालून जिच्यासाठी जागल्या तीच पोर आता उठून निघाली, आणि तिला अडवायला एक शब्द पुरला असता. तो शब्द मावशीने म्हटला असता तर भिंगरीने ऐकला असता. ती कुणाचं ऐकायची नाही, पण मावशीचं ऐकायची.

"ताई, तू सांग ना तिला काहीतरी."

मावशीने पाण्याचा पेला उचलला, प्यायली, खाली ठेवला.

"पहिल्या फर्म्यातलं मला काही येत नाही," ती म्हणाली. "ते तिथेच जाऊन बघावं लागेल."

"मग रविवारी?" भिंगरीने विचारलं.

"रविवारी शाळा नसते, बावळट. सोमवारी."

मग ती ताट घेऊन उठली आणि भांडी घासायला बसली. त्या दिवशी तिने धुतलेली भांडीही पुन्हा घासली, पण ते कुणी मोजत नव्हतं.

शनिवारी शाळेची पाच पुस्तकं आली. मावशीने ती उलटसुलट करून पाहिली आणि रविवारी दुपारी कामाला बसली. पाचही पुस्तकांच्या पिना नखाने उचकटल्या. घड्या पुन्हा दाबल्या, दाभणाने भोकं पाडली, दुहेरी दोऱ्याने शिवलं, कण्यावर निळ्या कापडाची पट्टी खळीने चिकटवली. वाचलं काही नाही. पहिलं पान समोर आलं की ती अंगठ्याने ते झाकून काम करी.

"आता हे दाबून ठेवायला हवं," ती म्हणाली. "दोन तास. नाहीतर कणा फुगतो."

छापखान्यात त्यासाठी लोखंडी दाब होता. घरात मावशी होती. तिने पाच पुस्तकं खुर्चीवर एकावर एक ठेवली, त्यांवर फळी ठेवली, फळीवर स्वच्छ धुतलेलं फडकं अंथरलं आणि वर ताठ बसली. भिंतीवरच्या घड्याळात दोन वाजले होते.

आई आत येऊन बघून गेली. "ताई, पुस्तकांवर बसतेस?"

"मध्ये फळी आहे."

"वजन तरी आहे का तुझं?"

मावशीने थोडा विचार केला. फळीच्या कडेखालून पाहिलं तर वरच्या पुस्तकाचा कणा अजून किंचित उभा होता. "कमीच पडतंय," ती म्हणाली.

भिंगरी खिडकीशी उभी होती. ती आली, खुर्चीच्या दांडीवर पाय दिला आणि मावशीच्या मांडीत चढून बसली. फळी कुरकुरली. मावशीने पुन्हा खाली वाकून पाहिलं.

"बसला?" भिंगरीने विचारलं.

"बसला. आता हलायचं नाही. हललं की शिवण सरकते."

"बोलायचं?"

"बोलायचंही नाही."

भिंगरी बोलली नाही. मावशीने दोन्ही हात तिच्या पोटावरून पुढे आणून एकमेकांत अडकवले. बाहेर कुणीतरी सायकलची घंटा वाजवत गेलं, वरच्या मजल्यावर काहीतरी पडलं, आई कपडे घेऊन आली आणि त्यांना पाहून आल्या पावली परत गेली.

चार वाजले तेव्हा खळ वाळलेली होती. साडेचार वाजले तरी कुणी उठलं नव्हतं.